गडद भिंतीसाठी चार शेड लावून बघितल्या, शेवटी चिखल जिंकला

आधीच सांगून टाकते, मी इंटिरियरवाली वगैरे नाही. घर रंगवायला काढलं तेव्हा एक खोली तरी गडद करायचीच असा हट्ट धरला आणि त्यातून पुढे महिनाभर जो गोंधळ झाला त्याचा हा रिव्ह्यू आहे. कंपनीचा नाही, शेड्सचा. चारही सॅम्पल डब्या मुद्दाम एकाच कंपनीच्या, एकाच क्वालिटीच्या आणल्या होत्या म्हणजे तुलना सरळ होईल. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण त्याने काही फरक पडत नाही, जे कळलं ते कुठल्याही डब्याला लागू आहे.

खोली अशी: खिडकी एकच, पश्चिमेला. दुपारपर्यंत अंधारलेली, मग चारनंतर ऊन सरळ समोरच्या भिंतीवर. पण आम्ही सगळे तिथे जाऊन पडतो ते संध्याकाळी सातनंतर, टीव्ही, पुस्तकं, मोबाईल, जे काय असेल ते. हे सातनंतरचं लक्षात ठेवा कारण सगळा निकाल त्यावरच लागलाय.

शेड चार. नेव्ही ब्लू माझी, कार्डावर बघितल्या क्षणी ठरवून टाकलेली. चारकोल नवऱ्याचा, त्याला प्रत्येक गोष्टीत सेफ हवं असतं. मरून सासूबाईंचा. आणि चौथा कुणाचाच नव्हता, दुकानात चौथी डबी घ्यायचीच आहे तर घेऊ म्हणून कार्डाच्या शेवटच्या ओळीतला एक चौकोन उचलला, शेवाळी म्हणावा तर तपकिरी, तपकिरी म्हणावा तर काळपट. मी म्हटलं हा रंग आहे की पावसाळ्यातलं पायपुसणं. घरात त्याचं नाव चिखल पडलं ते आजतागायत.

तर शेड कार्ड. कार्डावर दोन बोटांचा चौकोन असतो आणि तो पांढऱ्या कागदावर छापलेला असतो, इथेच आपण फसतो. पांढऱ्याशेजारी कुठलाही गडद रंग आहे त्याहून जास्त काळा वाटतो आणि त्यातली हिरवट निळसर झाक दिसतच नाही. ही नजरेची गंमत जुनी आहे, फ्रान्समध्ये गोबेलिनच्या कारखान्यात गालिचे-पडदे विणायचे तिथे तक्रार होती की काळा रंग फिका पडतोय, शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारी निळे जांभळे धागे होते म्हणून काळा मेलेला वाटत होता. त्याने यावर १८३९ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं आणि आपण अजून दुकानात उभं राहून ट्यूबलाइटखाली कार्ड तिरकं करून बघतोय.

दुसरी फसवणूक उलट्या बाजूची. छोट्या चौकोनात जो रंग छान भरलेला वाटतो तो चार भिंतींवर चढला की अंगावर येतो, कारण भिंती एकमेकींवर तोच रंग फेकत असतात, कोपऱ्यात तर सगळ्यात जास्त. म्हणून कार्डावर जो स्वच्छ सुंदर निळा असतो तो खोलीत शाळेच्या बॅगेसारखा दिसायला लागतो. आणि कार्डावर जो मळकट, जरा घाणच, तो भिंतीवर गेला की कुठे त्याला रंग म्हणावंसं वाटतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर चिखलाची इतकी चेष्टा केली नसती.

मोबाईलवर भिंत रंगवून दाखवणारं ॲप पण वापरलं. त्याबद्दल एवढंच, ब्राइटनेस कमी केला की चारही शेड सारख्याच दिसतात.

सॅम्पल आम्ही भिंतीवर लावले नाहीत, हे एक काम बरं केलं. भिंतीवर ठिगळ लावलं तर त्याची कड पुढे फायनल रंगाखालूनसुद्धा उठून दिसते, घासकागद मारत बसावं लागतं. आम्ही जाड पुठ्ठे घेतले, साधारण दोन बाय तीन फुटाचे, प्रत्येकावर दोन हात, मध्ये नीट वाळू देऊन, आणि कडेला पांढरं अजिबात सोडलं नाही. हे पुठ्ठे आठवडाभर खोलीत फिरत होते. खिडकीशेजारी, खिडकीसमोर, सोफ्यामागे, कोपऱ्यात. एक सांगते, ओला रंग बघून घाबरू नका आणि खूश पण होऊ नका, इमल्शन ओलं असताना दुधाळ असतं, वाळलं की गडद होतं. मरून डबीतून काढताना जवळजवळ गुलाबी होता, सासूबाई म्हणाल्या, "अगं, चुकीची डबी दिली की काय त्यांनी?" दोन तासांनी तोच पुठ्ठा वाळलेल्या रक्तासारखा झाला.

आता एकेक घेते.

मरून. दिवसा राजेशाही, चारच्या उन्हात तर असला पेटतो की बघत बसावं. पिवळ्या बल्बखालीही मस्त, कारण २७०० केल्विनच्या बल्बात (केल्विन जितके कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका पांढरा-निळसर) लाल-पिवळा भाग भरपूर असतो. पण मधल्या वेळेचं काय, दिवे लावायच्या आधी तिन्हीसांजेला किंवा टीव्ही बघताना कोपऱ्यातला एकच बारका दिवा असतो तेव्हा? तेव्हा मरून संपतो. चक्क काळा. याला पर्किंजे इफेक्ट म्हणतात, उजेड फार कमी झाला की डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम करायला लागतात आणि त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही, निळा हिरवा त्या मानाने दिसत राहतो. संध्याकाळी बागेत लाल फुलं आधी काळी पडतात आणि पानं मागून, ते ह्यामुळेच. आमचा टीव्हीचा टाइम म्हणजे मरूनचा मरणाचा टाइम. शिवाय दुसरं दुखणं, लाल रंग झाकत नाही. पुठ्ठ्यावर दोन हातांनंतरही खालचा पांढरा डोकावत होता, पेंटरकाका म्हणाले भिंतीवर करायचा तर आधी राखाडी प्रायमर मारा नाहीतर चार हात धरून चाला. का ते नंतर समजलं, गडद शेड ज्या बेसमध्ये, म्हणजे रंग मिसळायच्या आधीच्या मूळ डब्यात, बनते त्यात पांढरं पिगमेंट, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, अगदी कमी किंवा नसतंच, आणि झाकायचं काम मुख्यतः तेच करतं. काळ्या पिगमेंटला स्वतःचा जोर असतो म्हणून चारकोल दोन हातात बसतो, पण बरेच झगझगीत लाल पिगमेंट मुळातच पारदर्शक. सासूबाईंना हे सगळं समजावून सांगितलं, त्या म्हणाल्या राहू दे, मला तसाही पडदाच हवा होता मरून.

नेव्ही. हा माझा जीव. आणि दिवसाच्या उजेडात मी अजूनही म्हणेन की चारांत सगळ्यात देखणा हाच, पांढऱ्या खिडकीच्या चौकटीशेजारी तर काय दिसत होता. पण मग रात्री आठला दिवे लावले आणि माझा निळा गायब. पिवळ्या बल्बात निळा भागच कमी, मग भिंत परत काय पाठवणार, डोंबल? नेव्ही सरळ काळपट राखाडी झाला, निळा आहे हे सांगितल्याशिवाय कळत नव्हतं. म्हणून बल्ब बदलून ४००० केल्विनचा लावून बघितला, निळा परत आला पण खोली दवाखान्यासारखी झाली, नवरा म्हणाला आता फक्त नंबर पुकारायचा राहिलाय. ६५०० वाला पांढराफटक तर मी पाच मिनिटांत काढला. मधला मार्ग म्हणजे ३००० केल्विन आणि सीआरआय (बल्बखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००) ९० च्या वरचा बल्ब, त्याने चारही पुठ्ठे सुधारले, नेव्हीसुद्धा, पण मी पुठ्ठ्यावर जो निळा बघून हुरळले होते तो काही मिळाला नाही. ज्यांची खोली दिवसा वापरात आहे, ऑफिस वगैरे, त्यांनी डोळे झाकून नेव्ही घ्यावा. म्हणजे डोळे उघडून.

हो, नेव्हीची एक गोष्ट सांगायची राहिली, धूळ. गडद भिंतीवर धूळ दिसते हे सगळे सांगतात, पण नेव्हीवर ती जास्तच दिसली मला, पुठ्ठा चार दिवस आडवा पडला होता तर बोटाने नाव लिहिता आलं असतं. चिखलावर तेवढीच धूळ, पण धुळीचा आणि त्याचा रंग मेव्हणे-मेव्हणे असल्यासारखे, दिसतच नाही.

चारकोल. सेफ सेफ म्हणतात तो हा. आणि मला विचाराल तर चारांत सगळ्यात धोक्याचा हाच, कारण शुद्ध राखाडी नावाचा प्रकार डब्यात सहसा नसतोच, प्रत्येक चारकोलच्या पोटात काहीतरी लपलेलं असतं, निळं, हिरवं, जांभळं किंवा तपकिरी. कार्डावर ते कळत नाही. कळायचा साधा उपाय, दोन-तीन कंपन्यांचे चारकोल शेजारी शेजारी ठेवा, लगेच एक निळा आणि एक जांभळा दिसायला लागतो, एकटा असताना तोच अगदी साळसूद. आमच्यातला जांभळा निघाला. सकाळी ठीक, पण चारच्या उन्हात पुठ्ठ्याला हलकी वांगी झाक, आणि आमचा सोफा हिरवट असल्याने शेजारी तो जास्तच वांगी. नवरा तीन दिवस म्हणत होता की तुला उगाच दिसतंय, मग एकदा स्वतःच बाहेरून आला आणि दारातूनच म्हणाला हा जांभळा कुणी आणला. कव्हरेज मात्र फर्स्ट क्लास, दोन हातात काम तमाम.

इथे जरा नंबरचं बोलते कारण मला ते फार उपयोगी पडलं. बऱ्याच कंपन्या शेडसोबत एलआरव्ही देतात, भिंत किती टक्के उजेड परत फेकते त्याचा आकडा, शून्य म्हणजे ठार काळा आणि शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. नेहमीच्या पांढऱ्या भिंती ८० च्या वर असतात. गडद शेडचा खेळ ३ ते १२ च्या दरम्यान चालतो. शेरविन-विल्यम्स या अमेरिकन रंग कंपनीचं उदाहरण घ्या, त्यांचा ट्रायकॉर्न ब्लॅक ३, नेव्हल नावाचा नेव्ही ४, आणि अर्बेन ब्राँझ ८. गंमत म्हणजे नेव्हल ही त्यांची २०२० ची कलर ऑफ द इयर होती आणि अर्बेन ब्राँझ २०२१ ची, आणि तो ब्राँझ म्हणजे आमच्या चिखलाचाच थोरला भाऊ, तपकिरी की राखाडी की हिरवट, ठरवता येत नाही. आमची गाडीसुद्धा त्याच रस्त्याने गेली. तर ४ आणि ८ कागदावर जवळजवळ वाटतात, पण ८ म्हणजे दुप्पट उजेड परत. ३-४ च्या भिंतीवर संध्याकाळी रंग कुठला ते कळतच नाही, नुसता अंधार लावल्यासारखं, त्यासाठी एवढी निवड करायची मग गरजच काय. ७-८ च्या आसपास गडद पण वाटतं आणि रंग पण जिवंत राहतो. हे माझं मत, ज्यांना गुहाच हवी आहे त्यांनी ३ घ्यावा.

आणि दिव्यांचं बजेट रंगासोबतच धरा. पांढऱ्या खोलीत छताचा एक दिवा पुरतो कारण भिंती निम्मं काम करतात. गडद भिंती काम करत नाहीत, नुसत्या खातात. आमच्या खोलीत आता तीन दिवे आहेत, एक उभा, एक टेबलावर, एक पुस्तकांच्या कपाटावरून भिंतीवर उजेड सोडणारा, आणि छताचा कुणी लावतच नाही.

आता चिखल. पहिले दोन दिवस त्याच्याकडे कुणी बघितलं नाही, दारामागे उभा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ढगाळ होतं आणि मला कोपऱ्यात शेवाळी काहीतरी छान दिसलं, म्हटलं हे काय, तर हा. दुपारी उन्हात तो तपकिरीकडे झुकला, जुन्या चामड्याच्या पिशवीसारखा. रात्री पिवळ्या दिव्यात मऊ काळपट पण काळा नाही, हिरवट ऊब आहे त्यात. म्हणजे दर वेळी वेगळा, पण एकदाही वाईट नाही, आणि इथेच इतर तिघे हरले, कारण त्यांची एकेक वेळ झक्कास आणि एकेक वेळ अगदीच पडलेली. का असं, तर त्यात पिवळा, काळा, लाल ऑक्साइड असं सगळंच थोडंथोडं असतं, त्यामुळे दिवा कुठलाही लावा, त्यातलं काही ना काही परत येतं. नेव्हीची सगळी भिस्त निळ्यावर, निळा गेला की खेळ खल्लास. सोफा, लाकडी कपाट, पितळी दिवा, सगळ्यांशी त्याचं जमलं. सासूबाई पण म्हणाल्या, "पायपुसणं नाही गं हे, जंगल आहे." मी गप्प.

मग फिनिश. इथे आम्ही मार खाल्ला, नीट वाचा. मॅट (बिनचकाकीचा) की सॅटिन (चकाकीवाला) यावर पेंटरकाका म्हणाले गडद रंगाला सॅटिन मारा, पुसता येतं. एका भिंतीवर मारलं. संध्याकाळी कपाटावरचा दिवा लावला आणि भिंतीवर लाटा, अक्षरशः समुद्र, लांबी म्हणजे पुट्टी भरताना पट्टीचा प्रत्येक हात कुठे वळला ते वाचता येत होतं. पांढऱ्या रंगाखाली हीच भिंत दहा वर्षं सपाट समजून बसलो होतो. गडद आणि चकाकी एकत्र आली की भिंत आरशासारखी वागते आणि आडवा उजेड पडला की काही लपत नाही. मग ती भिंत परत घासली, लांबी परत, राखाडी प्रायमर, आणि यावेळी मॅट, धुता येणारा मॅट मिळतो तो. मॅटचं दुखणं वेगळं, खांदा खुर्ची घासली की तिथे चकाकता डाग पडतो, पुसला की अजून चमकतो. सोफ्याच्या पाठीला आम्ही चार बोटं जागा सोडलीय आता. ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांनी एगशेलसारखा किंचित तकाकीवाला बघावा, पण आधी भिंत सपाट करून घ्या म्हणजे घ्याच.

अजून दोन माती खाल्लेल्या जागा. एक, मोठ्या भिंतीवर काकांनी अर्ध्यात चहा घेतला. परत येईपर्यंत कड वाळली होती, जोड दिसतो आजही, बाराच्या उजेडात नाही पण चारला नक्की. गडद रंगात भिंत एका दमात, ओल्या कडेत ओली कड मिसळत पूर्ण करावी लागते, आणि मध्येच टच-अप पण मिसळत नाही, खरवडलं गेलं तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारा. डबे दोन असतील तर आधी मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या, मशीनने मिसळलेले असले तरी उन्नीस-बीस होतं आणि गडद शेडमध्ये ते बीसच दिसतं. दोन, सहाव्या दिवशी मी हौसेने ओल्या फडक्याने भिंत पुसली आणि फडकं हिरवं. जीवच गेला माझा. रंगात काही खोट नव्हती, गडद शेडमध्ये टिंट, म्हणजे वरून मिसळलेला रंग, खूप असल्याने पक्का व्हायला वेळ लागतो, हाताला वाळला तरी आतून मुरायला महिनाभर धरा. तोवर कोरडा झटका, पाणी नाही. याच कारणाने बाथरूमला गडद रंग करायचा विचार मी सोडून दिला, तिथे वाफेने नव्या रंगावर चिकट ओघळ येतात असं काकाच म्हणाले आणि यावेळी मी त्यांचं ऐकलं.

छत पांढरं ठेवलं होतं आणि ती चूक वाटतेय. गडद भिंत आणि पांढरं छत यांच्यामधली रेघ इतकी कडक दिसते की नजर सारखी तिकडेच, आणि आमची रेघ काही सरळ नाही. भिंतीचाच रंग छतावर नेला तर खोली बुटकी वाटेल ही माझी भीती होती, पण शेवटी एक पुठ्ठा स्टुलावर चढून वर धरून बघितला तर उलट कड नाहीशी झाल्याने छत कुठे सुरू होतं तेच कळेना. पुढच्या सुट्टीत करायचंय. स्विचबोर्ड पण. ते पांढरे चौकोन रात्री दातांसारखे दिसतात, काळ्या प्लेट्स मागवल्या आहेत.

मार्क द्यायचे तर चिखल पाचपैकी साडेचार, अर्धा त्याच्या नावासाठी कापला. नेव्ही दिवसा पाच रात्री दोन. मरून तीन, चार हातांची तयारी असेल तर. आणि चारकोल अडीच, पण तो आमचा चारकोल, तुमच्या डब्यात जांभळा नसेल तर चार होतील.

नेव्हीची डबी अर्धी उरली होती, फेकवेना. पुस्तकांच्या कपाटाच्या आतल्या पाठीला लावून टाकली, तेवढ्याच जागेत, पुस्तकांच्या मागे. तिथे वर दिवा अगदी जवळ आहे आणि जागा बित्ताएवढी, त्यामुळे रात्री आठला पण तो निळा दिसतो. नवऱ्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.